नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, संपादक, कीर्तनकार आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मराठी वाचकांना ते फुलामुलांचे कवी आणि 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांचे पती म्हणून परिचित आहेत. ख्रिस्ती समाजात मात्र त्यांची दुसरी ओळख आहे. चर्च म्हणजे इमारत नव्हे, मिशनचे कार्यालय नव्हे, बाप्तिस्मा घेतलेल्यांची यादीही नव्हे. ख्रिस्ताभोवती जमलेली माणसे म्हणजे चर्च, हा विचार त्यांनी महाराष्ट्राच्या भूमीत आणि मराठी भाषेत मांडला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी तो 'देवाचा दरबार' या नावाने प्रत्यक्षात आणण्याचा प्रयत्न केला. तो प्रयत्न अपुरा राहिला. तरीही त्यांच्या कवितेइतकाच तो अभ्यासण्याजोगा आहे.

प्रारंभीचे जीवन

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई भाविक व काव्याची आवड असलेली होती. नारायण अकरा वर्षांच्या आसपास असताना ती वारली आणि घराशी असलेला त्यांचा धागा जवळजवळ तुटला. ते घर सोडून नाशिकला गेले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचा संस्कृतचा अभ्यास झाला. इंग्रजी शाळेत ते फार काळ टिकले नाहीत. इंग्रजी पुष्कळसे स्वतःच्याच बळावर शिकले.

नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका या मुलीशी त्यांचा विवाह झाला. विवाहानंतर तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. लग्नाच्या वेळी तिचे वय अकराच्या आसपास होते. लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत पराकोटीचे कर्मठ होते. वडिलांच्या या वेडाचे वर्णन त्यांनी 'स्मृतिचित्रे'च्या आरंभीच केले आहे. पुढे या दांपत्याच्या वाट्याला आलेला संघर्ष समजून घेताना ही पार्श्वभूमी विसरून चालत नाही.

एका गावी किंवा एका नोकरीत रमणे टिळकांच्या स्वभावात नव्हते. शिक्षकी, कीर्तने, पुराणे, वक्तृत्व, कविता असे त्यांचे चालले होते. हाती आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे व्हावे आणि संध्याकाळी घरात धान्य नसावे, असेही अनेकदा घडे. या भटकंतीला केवळ लहरीपणा म्हणणे अपुरे आहे. त्यांना एका प्रश्नाने पछाडले होते. जातींनी तुकडे केलेल्या या देशात माणसे एकत्र कशी येतील, आणि आली तर कशाच्या आधाराने एकत्र राहतील, हा तो प्रश्न होता.

नागपूर आणि राजनांदगाव

१८९१ च्या सुमारास टिळक नागपुरास आले. तेथील धनिक आप्पासाहेब बुटी यांनी त्यांना संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम दिले. याच काळात त्यांनी 'ऋषी' नावाचे नियतकालिक चालवले. धर्मविषयक शंकांची चर्चा हा त्याचा हेतू होता. वेदान्त, संतवाङ्मय आणि सुधारणावादी लेखन यांचा त्यांचा अभ्यास येथे वाढला. जातिभेदाला धर्माचा आधार नसावा, देव एक असावा आणि त्याची भक्ती सर्वांना मोकळी असावी, अशा निष्कर्षापर्यंत ते आले होते.

१८९३ साली ते नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला. काव्यावर आणि धर्मावर बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत ते ख्रिस्ती होतील असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत धाडसाचे वाटले. मात्र पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला व पाळला. डोंगरावरील प्रवचनाचे अध्याय वाचताना पुस्तक खाली ठेवणे त्यांना कठीण झाले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते शोधत होते ती तेथे आहेत, असे त्यांना वाटू लागले.

यानंतर त्यांनी टोपणनावाने ख्रिस्ती नियतकालिकाशी पत्रव्यवहार सुरू केला. अमेरिकन मराठी मिशनचे मुंबईतील जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संपर्क आला. हे अ‍ॅबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून प्रसिद्धीस आले.

बाप्तिस्मा आणि दुरावा

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. रेल्वेतील त्या भाकितास तेव्हा दोन वर्षे होत आली होती.

या एका दिवसाने त्यांना एका समुदायात प्रवेश दिला आणि दुसऱ्यातून बाहेर काढले. ज्ञाती, सोयरे आणि मित्र दुरावले. वृत्तपत्रांतून टीका झाली. सर्वांत मोठा आघात लक्ष्मीबाईंवर झाला. पदरात लहान मुलगा दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त टिळक, आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. तत्कालीन ब्राह्मण समाजात बाटलेल्या नवऱ्याच्या बायकोला ना सवाष्णीचा मान होता, ना विधवेचा आश्रय. त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात राहिल्या. टिळक त्यांना पत्रे लिहीत. धर्म बदलण्याची सक्ती त्यांनी कधी केली नाही. नवरा-बायको वेगवेगळ्या धर्मांत राहूनही एका घरात राहू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. त्या काळात हे म्हणणे दोन्ही समाजांना सारखेच विचित्र वाटले असणार.

काही वर्षांच्या दुराव्यानंतर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या. आरंभी त्यांची चूल वेगळी होती आणि पाणी वेगळे होते. पुढे जात माणसाने केली, देवाने नव्हे, असा निर्णय त्यांनी स्वतःच्या मनाशी केला आणि कोणाच्याही हातचे खाण्यास आरंभ केला. हे परिवर्तन बाप्तिस्म्याच्या आधीचे आहे, ही बाब अनेकदा नजरेतून सुटते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे लक्ष्मीबाई आधी पंगतीत बसल्या आणि नंतर मंडळीच्या सभासद झाल्या. टिळकांच्या पुढील विचाराची बीजे शोधायची तर ती ग्रंथांपेक्षा या घरातील चुलीजवळ अधिक सापडतात.

अहमदनगरची मंडळी

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांच्याकडे आले. तेथील थिऑलॉजिकल सेमिनरीत ते शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली व ते रेव्हरंड झाले. राहुरी भागातही त्यांनी काम केले. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांचा सांभाळ या दांपत्याने केला. घरात कोण कोणत्या जातीचे, याचा हिशेब उरला नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला काम सुरू केले होते. तिचे संस्थापक मंडळ बोस्टनमधील कॉंग्रिगेशनल परंपरेचे होते. या परंपरेत प्रत्येक गावची मंडळी हीच पूर्ण चर्च मानली जाते. तिने आपला पाळक आपण निवडावा, आपला कारभार आपण पाहावा, वर बिशपची गरज नाही. या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ च्या दौऱ्यात हिंदुस्थानात आले होते. स्थानिक मंडळ्या लवकरात लवकर स्वतःच्या पायावर उभ्या राहाव्यात, हे त्यांचे धोरण होते.

तत्त्व उत्तम होते. वास्तव निराळे होते. जिल्ह्यातील ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक अस्पृश्य मानल्या गेलेल्या महार व मांग समाजांतील होते. त्यांच्यापाशी जमीन नव्हती, रोख पैसा नव्हता. पाळकाचा पगार, शाळामास्तराचा पगार, इमारतीची डागडुजी हे सारे मिशनच्या निधीतून चाले. ज्याच्या हाती थैली, त्याच्या हाती निर्णय, हे ओघानेच आले. कागदावर स्वतंत्र असलेली मंडळी व्यवहारात परदेशी मिशनऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून राहिली. दुसऱ्या बाजूने, बाटल्यावर आपला समाज तुटलेला नवा ख्रिस्ती मनुष्य मिशनच्या आवारात राही आणि गावापासून दूर होत जाई. ख्रिस्ताभोवती जमणे म्हणजे गाव सोडणे, असा त्याचा अर्थ होऊ लागला. टिळकांना हे दोन्ही दोष जाणवले आणि त्यांनी ते बोलून दाखवले. ह्यूम यांच्याशी त्यांचा स्नेह असूनही ही टीका थांबली नाही, आणि टीका होऊनही स्नेह टिकला. हे दोघांनाही भूषणावह आहे.

'मंडळी' या शब्दाचा इतिहास

येथे एका शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' असा आहे. ग्रीक नगरांत नागरिकांना घराबाहेर बोलावून जी सभा भरवली जाई, तिला हा शब्द होता. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी तो आपल्या मेळाव्यासाठी घेतला. त्या काळी त्यांना मंदिरे नव्हती. ते घराघरांत जमत, एकत्र जेवत, प्रार्थना करत. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात यरुशलेमातील पहिल्या समुदायाचे जे वर्णन आहे, त्यात मालमत्ता एकत्र करून गरजेप्रमाणे वाटून घेण्याचा उल्लेख आहे. पौलाने आपल्या पत्रांत या समुदायास एका शरीराची उपमा दिली. दोघे किंवा तिघे ख्रिस्ताच्या नावाने जमले तरी तो तेथे असतो, असा मत्तयाच्या शुभवर्तमानातील आशय आहे. लक्षात घेण्याजोगे असे की चार शुभवर्तमानांपैकी 'एक्लेसिया' हा शब्द फक्त मत्तयात येतो. येशूच्या बोलण्यात वारंवार येते ते देवाचे राज्य.

इंग्रजी 'चर्च' हा शब्द निराळ्याच ग्रीक मुळापासून, म्हणजे प्रभूचे या अर्थाच्या शब्दापासून आला. पोर्तुगीज 'इग्रेजा' मात्र 'एक्लेसिया'पासूनच आला आणि त्यावरून गोव्यात 'इगर्ज' झाला. सभेचा शब्द अशा रीतीने वास्तूला चिकटला. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी 'मंडळी' हा शब्द योजला, आणि प्रॉटेस्टंट मराठी ख्रिस्ती समाजात तो रुळला. यापेक्षा चांगली निवड झाली नसती. घरी आलेली पाहुणे मंडळी, जेवायला बसलेली मंडळी, नाटक मंडळी. मराठीत हा शब्द भिंतींना कधीच लागत नाही, माणसांनाच लागतो. जुन्या पिढीत नवरा बायकोचा उल्लेखही आमची मंडळी असाच करी. ज्या टिळकांची घरची मंडळी पाच वर्षांच्या आसपास दुरावली होती, त्यांना या शब्दाचे दोन्ही अर्थ चांगलेच ठाऊक होते.

उपासनेची भाषा

आरंभीच्या मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींवर बसवलेली गीते म्हटली जात. शब्द मराठी, चाल परकी, आणि वृत्ताची ओढाताण. अहमदनगरचे कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडून वाट मोकळी केली होती. टिळकांनी त्या वाटेवर अभंग, ओवी, पदे आणि भजने यांची पेरणी केली. 'उपासना संगीत' या मराठी स्तोत्रसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. 'अभंगांजली' हा त्यांचा भक्तिपर संग्रह प्रसिद्ध आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. याचा अर्थ त्यांनी तुकारामांना ख्रिस्ती ठरवले असा नव्हे. आपली वाट परदेशातून आली नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते.

हा बदल केवळ संगीताचा नव्हता. बाकावर बसून छापील पुस्तकातील गीत म्हणणारा आणि जमिनीवर बसून टाळ वाजवत धृपद धरणारा, या दोघांचे समुदायाशी नाते वेगळे असते. ज्याला अक्षर येत नाही तोही धृपद धरू शकतो. साक्षर थोडे आणि निरक्षर पुष्कळ अशा खेडेगावच्या मंडळीत या गोष्टीचे मोल मोठे होते.

निसर्गकविता, बालकविता आणि राष्ट्रप्रेमाच्या कविता यांमुळे टिळक ख्रिस्ती समाजाबाहेरही लोकप्रिय राहिले. 'वनवासी फूल' आणि 'सुशीला' ही त्यांची दीर्घकाव्ये आणि 'केवढे हे क्रौर्य!' ही पक्षिणीवरची कविता विशेष गाजली. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनाने तरुण त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, पुढे आले. ते नंतर अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. ठोमरे हिंदूच राहिले आणि त्या घरचे मूलही झाले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर लिहिलेली पाने मराठी गद्यातील उत्तम पानांपैकी आहेत. १९१२ पासून अखेरपर्यंत टिळकांनी 'ज्ञानोदय' या १८४२ साली सुरू झालेल्या पत्राचा मराठी भाग संपादित केला आणि त्यातून मंडळीच्या स्वरूपाविषयी सतत लिहिले.

देवाचा दरबार

टिळकांच्या आधीही भारतीय ख्रिस्ती माणसांनी मिशनच्या चौकटीबाहेर पडण्याचे प्रयत्न केले होते. मद्रासमध्ये डॉ. पार्नी अँडी यांनी १८८६ साली नॅशनल चर्च काढले. कलकत्त्यात कालीचरण बॅनर्जी व त्यांचे सहकारी यांनी १८८७ साली ख्रिस्तो समाज स्थापन केला. युरोपात झालेल्या भांडणांतून निर्माण झालेले पंथ हिंदुस्थानने का पोसावेत, हा त्यांचा सवाल होता. नीलकंठशास्त्री (नेहेम्या) गोरे यांची वाट याच्या उलट होती. तेही चित्पावन, तेही पंडित. पण त्यांना परंपरेने चालत आलेल्या चर्चच्या अधिकारात आधार सापडला. टिळकांनी ज्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, त्याच १८९५ साली गोरे वारले. एकाच ज्ञातीतील हे दोन विद्वान चर्चच्या अर्थाच्या दोन टोकांना उभे दिसतात.

१९१७ साली, पंचावन्न वर्षांच्या वयात, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि संन्यास घेतल्याचे जाहीर केले. हा संन्यास घर टाकून अरण्यात जाण्याचा नव्हता. पगार, पद आणि मिशनचे छत्र सोडण्याचा होता. त्यांनी साताऱ्यास मुक्काम केला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा सर्व ख्रिस्तशिष्यांचा तो बंधुवर्ग असणार होता. जो ख्रिस्ताला गुरू मानतो, मनुष्यमात्राशी मैत्री करतो आणि देशावर प्रेम करतो, त्याला दरबारात जागा. कोणी आपली जुनी मंडळी सोडावी अशी अट नव्हती. नवा पंथ काढण्याचा इरादा तर मुळीच नव्हता. पंथांच्या यादीत आणखी एकाची भर घालणे म्हणजे रोगालाच औषध समजणे, हे टिळक जाणून होते.

दरबार हा शब्द फारसीतून आलेला, संस्थानी थाटाचा. संतांच्या साधेपणाशी त्याचा मेळ बसत नाही, असे कोणी म्हणेल. परंतु टिळकांनी तो विचारपूर्वक घेतलेला दिसतो. मंडळी म्हटले की जमलेली माणसे डोळ्यांपुढे येतात. दरबार म्हटले की ज्याच्यापुढे ती जमली तो राजा येतो. शुभवर्तमानांत पदोपदी येणारे देवाचे राज्य या शब्दात सहज सामावते. दरबारात राजा एकच असल्यावर मिशनरी आणि पगारी नोकर, ब्राह्मण आणि महार, मूळचा आणि नवा हे सारे एकाच रांगेत उभे राहतात.

लक्ष्मीबाईंना हा निर्णय सोपा गेला असेल असे मानण्याचे कारण नाही. संसाराचे उत्पन्न थांबले होते. एकदा नवऱ्याच्या धर्मनिर्णयाने त्यांचे घर मोडले होते, आता तशाच दुसऱ्या निर्णयाने उभे केलेले घर पुन्हा हलले. टिळकांचे चरित्र लिहिणारे बहुधा या संन्यासाचा गौरव करतात. त्याची किंमत कोणी मोजली, हे त्यांतील थोडेच सांगतात.

आक्षेप आणि त्यांचे स्वरूप

दरबारावर घेतला गेलेला मुख्य आक्षेप बाप्तिस्म्याविषयी होता, आणि तो हलका नव्हता. ख्रिस्ती परंपरेत बाप्तिस्मा हा समुदायात शिरण्याचा दरवाजा आहे. दरवाजा काढून टाकला तर घर मोकळे होते की घरच उरत नाही? ज्या दलित कुटुंबांनी गावाचा बहिष्कार सोसून उघडपणे बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या शेजारी मनातल्या मनात ख्रिस्ताला मानणारा आणि जातीचे सर्व लाभ राखून असलेला सुशिक्षित मनुष्य तितक्याच अधिकाराने बसावा काय, असाही प्रश्न त्यातून निघतो. टिळकांच्या ज्या वारकरी आदर्शाचा वारंवार उल्लेख होतो, त्या संप्रदायातही तुळशीची माळ ही खूण आहेच. खुणेवाचून समुदाय पिढ्यानपिढ्या टिकल्याची उदाहरणे कमी आहेत.

टिळकांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला होता आणि त्याची पुरेपूर किंमत मोजली होती. बाप्तिस्मा नको असे ते म्हणत नव्हते. परंतु तत्कालीन हिंदुस्थानात बाप्तिस्मा म्हणजे एका जमातीतून दुसऱ्या जमातीत नाव दाखल होणे, असा अर्थ रूढ झाला होता. मनाची दिशा बदलणे मागे पडले आणि गटाची मोजदाद पुढे आली. दरबाराने ही मोजदाद बाजूला ठेवून जमण्यालाच प्रथम स्थान दिले. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत पंगत आधी आणि बाप्तिस्मा नंतर आला होता. टिळकांनी घरात घडलेले समाजात घडवू पाहिले, असे या चरित्राकडे पाहताना वाटते.

मृत्यू

दरबाराला पुरती दोन वर्षेही मिळाली नाहीत. टिळकांची प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या लाडक्या बालकवींचा मृत्यू जवळजवळ नेमका एक वर्ष आधी, ५ मे १९१८ रोजी, झाला होता. दरबाराचा सगळा भार टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर होता. घटना, निधी आणि ठरलेला उत्तराधिकारी यांपैकी काहीच नसल्याने त्यांच्या मागे तो संस्था म्हणून उभा राहिला नाही. संस्थेपासून पळणाऱ्या माणसाने मागे संस्था ठेवली नाही, यात नवल नाही. पण जे त्याच्यावर विसंबून जमले होते त्यांचे काय, हा प्रश्न उरतोच.

त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभीच्या थोड्या अध्यायांनंतर अपुरे राहिले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी त्याचे बहुतांश अध्याय रचले आणि राहिलेले काम देवदत्तांनी पूर्ण केले. लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे नाशिक येथे निधन झाले.

नंतरचा काळ

दरबार संपला तरी त्याची प्रेरणा इतरत्र दिसते. अहमदनगर जिल्ह्यात काम करणारे अँग्लिकन मिशनरी जॅक विन्स्लो टिळकांच्या विचाराने भारावले होते. त्यांनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. त्यात भारतीय आणि युरोपीय सभासद एकत्र, साधेपणाने राहत. याच संघाची परंपरा पुढे पुण्यातील आश्रमात चालू राहिली. विन्स्लो यांनी १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्रही लिहिले.

पंथभेद मिटवण्याचे काम मात्र संन्याशाच्या मार्गाने नव्हे, समित्या, ठराव आणि दीर्घ वाटाघाटी यांच्या मार्गाने झाले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या १९२४ साली स्थापन झालेल्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व कॉंग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि मेथडिस्टांचा एक भाग असे सहा प्रवाह मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. तो समारंभ नागपूरला झाला. ज्या शहरातून टिळकांनी १८९३ साली राजनांदगावची गाडी पकडली, त्याच शहरात.

विदर्भाच्या दक्षिण टोकास हा प्रश्न आजही निरनिराळ्या रूपांत दिसतो. चांदा, म्हणजे चंद्रपूर येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने काम सुरू केले. बिशप मानणारी ही परंपरा अहमदनगरच्या अमेरिकनांपेक्षा वेगळी होती. १९६२ साली केरळातील सिरो-मलबार कॅथलिक चर्चला चांदा हे मिशनक्षेत्र मिळाले. १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला आणि त्याचे मुख्य ठाणे बल्लारपूर येथे आहे. कोळसा खाणी, कागद कारखाना आणि रेल्वे जंक्शन यांमुळे या गावात मराठीबरोबर तेलुगू, हिंदी, मल्याळम बोलणारी माणसे पोटापाण्यासाठी आली. या एका जिल्ह्यात स्कॉटलंडची आणि सीरियाकडून केरळमार्गे आलेली अशा दोन जुन्या ख्रिस्ती परंपरा शेजारी नांदतात. दोहोंचे उपासनाविधी वेगळे आहेत, आणि बाप्तिस्मा दोहोंनाही आवश्यक वाटतो. टिळकांनी काढून ठेवलेला दरवाजा कोणत्याही मोठ्या चर्चने स्वीकारलेला नाही. त्यांची भजने मात्र मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत अजून गायिली जातात.